वारज्याच्या घरातला रंगीत टीव्ही

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळणंच अंगवळणी पडलं. निवृत्त झाल्यावर लिहू म्हटलं, निवृत्त झालो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की लिहू म्हटलं, तेही झालं. बायको होती तोवर तिच्यासमोर लिहायची लाज वाटायची, आणि ती गेल्यावर वाटलं, आता कोणाला सांगायचं राहिलंय? मधल्या काळात कॉलेजच्या, मित्रांच्या, कसब्यातल्या गल्ल्यांच्या आठवणी मी भरपूर लिहिल्या. लोकांनी आवडल्याचंही कळवलं. ही एक तेवढी प्रत्येक वेळी बाजूला ठेवली.

मी एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे आणि एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत लिहीत असे. दिवस उदारीकरणाचे होते. खासगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण यांना मिळून वर्गात आम्ही 'खाउजा' म्हणायचो आणि मुलं हसायची. बाहेर नव्या गाड्या, नवे साबण, नवे चॅनल. कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या चौकाचौकात लागल्या होत्या. अर्थशास्त्राच्या मास्तराला एरवी कोण विचारतो? त्या काळात विचारत होते. लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही. "काय हो सर, हे सगळं चांगलं की वाईट?" मला ते आवडू लागलं होतं, हेही आधीच सांगून टाकतो.

एक दिवस पुरवणीच्या संपादकांनी बोलावलं. कमी बोलणारा माणूस, पण बोलायचे ते लागेल असं. त्यांनी एक परदेशी मासिक माझ्यापुढे सरकवलं. युरोपातल्या कुठल्याशा गावात बाहेरून आलेले चिनी आणि अल्बेनियन, त्यांच्यात कोणाचं बस्तान कसं बसलं, कोण अधिक सुखवस्तू झालं, असा त्यात लेख होता.

"वाचा," ते म्हणाले, "आणि असं काहीतरी आपल्याकडचं लिहा."

"पुण्यात अल्बेनियन कुठून आणू?"

"ते अर्थतज्ज्ञांनी बघायचं. चिनी आहेत कॅम्पात. दात बसवतात, केस कापतात, बूट शिवतात. दुसरं टोक तुम्ही शोधा. आणि वाचकाला बरं वाटेल असं लिहा. रविवारी सकाळी माणूस चहा पीत असतो."

दुसरं टोक मला घरी येता येताच सुचलं. वारजे तेव्हा शहर संपल्यावर येणारं गाव होतं. माळवाडीच्या मागच्या अंगाला अमरावती-यवतमाळकडून आलेली कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहत होती. पुरुष शेजारच्या शिवणे गावातल्या लहान वर्कशॉपांत आणि बांधकामांवर जात, बायका नव्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला. एकीकडे तीन पिढ्यांपूर्वी समुद्र ओलांडून आलेले चिनी, दुसरीकडे आत्ता आत्ता एसटीने आलेले वऱ्हाडी. दोघंही पुण्याला परकेच. लेखाचा सांगाडा माझ्या डोक्यात इथेच तयार झाला. माणसं अजून एकही भेटली नव्हती.

कॅम्पातली बाई आधी भेटली. तिचं ब्यूटी पार्लर होतं. आजोबा बूट शिवायचे, वडिलांनी लाँड्री चालवली, हिने पार्लर काढलं. मराठी आपल्यासारखंच बोलायची, फक्त जरा तुटक. मला तिने मागच्या खोलीत नेलं. तिथे एक लाकडी स्टूल, एक पत्र्याचं कपाट आणि भिंतीवर औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर, एवढंच. चहा स्टीलच्या पेल्यात आला, तोही अर्धाच.

"धंदा कसा आहे?" मी विचारलं.

"मंदा आहे."

"पण बाहेर तर बायका रांगेत बसल्यात."

"बसतात. पंखा आहे ना."

राहायला कुठे, विचारलं तर "वर" म्हणाली. वर किती खोल्या, तर "पुरतात." मुलं काय करतात, तर "शिकतात." दुकानाचा गाळा भाड्याचा का, या प्रश्नावर ती उठली आणि म्हणाली, "तुम्हाला आयब्रो करायच्यात का? नाही ना? मग मला जाऊ द्या." मी उठलो. जिन्याच्या तोंडाशी चांगल्या सागवानी कठड्याचं टोक दिसलं, वरून कुठल्याशा भारी वॉशिंग मशीनचा घुमणारा आवाज आला. मी तो ऐकला आणि सोडून दिला. माझ्या सांगाड्यात चिनी कुटुंब बेताचं होतं.

वारज्याला मी पुढच्या रविवारी गेलो. आमच्या कॉलेजातला एक शिपाई त्या वस्तीतला होता. सर येणार आहेत, पेपरात लिहिणार आहेत, हे त्याने चार दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. पहिलं घर त्याच्या मेव्हण्याचं, वस्तीच्या कोपऱ्यावरचं. हे गृहस्थ शिवणे गावातल्या एका वर्कशॉपात लेथवर लोखंडी भाग कातायचं काम करायचे. पांढरा शर्ट, नुकती केलेली दाढी, डोक्याला तेल. त्यांना मी यापुढे लेथवाले म्हणेन.

"या जी साहेब, या. घर लहान हाय, पण तुमचंच समजा."

घर एका खोलीचं होतं. तरी आत गेल्यावर मी चकित झालो. दोन फोल्डिंगच्या खुर्च्या, टेबलफॅन, आणि ट्रंकेवर भरतकाम केलेल्या रुमालाखाली रंगीत टीव्ही. चहा आला तो कपबशीत, निळ्या वेलीची नक्षी असलेल्या. एका बशीचा टवका उडालेला होता, ती बशी लेथवाल्यांनी स्वतःकडे घेतली.

त्यांची मुलगी बारावीला होती. भिंतीला टेकून उभी राहून ती माझ्या प्रश्नांची उत्तरं बापाआधी द्यायची.

"पुढे काय करणार?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरचा डिप्लोमा. सरकारी कॉलेजला नंबर लागंल, मार्क हायेत. पण रोज इथून जाऊन येऊन नाही जमणार. शहरातल्या वसतिगृहाचा अर्ज भरलाय."

"एका खोलीत आम्ही पाच जण हाओ," लेथवाले म्हणाले. "लाईट जाते. पोरीनं अभ्यास कुठं करावा? त्या वसतिगृहात घेतलं तं राहणं, जेवणं, फी, सारं तेच पाहतात म्हणे. फकस्त बाहेरून आलेल्या गरिबांच्या पोरीले घेतात."

"पंखा लावा ना," मी म्हणालो. उकडत होतं.

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. लेथवाल्यांनी उठून पंखा लावला. पंख्याचं बटण तुटलेलं होतं, ते नेमकं कुठे दाबायचं हे त्यांना चटकन सापडेना. मुलगी पुढे झाली, तिलाही सापडेना. शेवटी दारातून डोकावणाऱ्या शेजारणीने आत येऊन एका झटक्यात तो चालू केला आणि काही न बोलता निघून गेली. टीव्हीची वायर ट्रंकेमागे गुंडाळून ठेवलेली होती. अँटेना कुठे नव्हती.

मी तिथून दोन घरं सोडून तिसऱ्या घरी गेलो. तिथेही दोन फोल्डिंगच्या खुर्च्या होत्या. चहा आला, निळ्या वेलीच्या कपात. टवक्याची बशी या घरच्या गृहस्थाने स्वतःकडे घेतली. त्याच्या पुढच्या घरी जायला मी जरा लवकर उठलो आणि खोल्यांच्या मागच्या बोळात पाहिलं, तर एक बाई पदराखाली टेबलफॅन घेऊन लगबगीने चालली होती. तिच्यामागे दुसरी, चादरीत गुंडाळलेला टीव्ही पोटाशी धरून. मला बघून दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मीही मान वळवली.

हे काय चाललंय ते कळायला मला अल्बेनियाला जायची गरज नव्हती. माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले तेव्हा आमच्याकडे खालच्या बिऱ्हाडातला सोफा वर आला होता, समोरच्यांचा रेडिओ आणि आईच्या मैत्रिणीचा टी-सेट. पाहुणे जाईपर्यंत ते सगळं आमचं होतं. पाहुण्यांनाही ते ठाऊक असणार, कारण त्यांच्या घरीही तेच होत असणार. यात एकच नियम असतो. पाहुण्याने पाहायचं नाही. पाहिलं तरी बोलायचं नाही. त्यात कोणी कोणाला फसवत नसतं. तो यजमानाने पाहुण्याचा केलेला मान असतो, आणि न बोलणं हा पाहुण्याने यजमानाचा केलेला मान.

मी बोललो नाही. तिथपर्यंत मी सभ्यच होतो. पण घरी आल्यावर टेबलाशी बसलो आणि ते सगळं लिहून काढलं. रंगीत टीव्ही, पंखा, खुर्च्या, कपबश्या. कोपऱ्यातलं घर, लेथवर काम करणारा बाप, बारावीतली हुशार मुलगी. माझा लेख सांगत होता की चिन्यांना जे जमायला तीन पिढ्या लागल्या ते आपल्या मराठी माणसाने एका दशकात करून दाखवलं. कॅम्पातलं चिनी घर आणि वारज्यातलं वऱ्हाडी घर आज एकाच पायरीवर उभी आहेत, किंबहुना वऱ्हाडी घर अर्धी पायरी वरच. लिहिताना हात थांबला होता का? थांबला होता. वस्तू एकाच वस्तीत फिरत होत्या, असं एक वाक्य मी लिहिलंही. मग खोडलं. ते राहिलं असतं तर लेखच राहिला नसता. आणि मनाला मी सांगितलं, यजमानाची झाकली मूठ आपण कशाला उघडायची? पाहुण्याचं सौजन्य मी असं वापरून घेतलं.

लेख गाजला. संपादकांनी फोन करून "बरा झालाय" म्हटलं, आणि हे त्यांच्या तोंडून म्हणजे फारच झालं. कॉलेजात सहकाऱ्यांनी पेढे मागितले. काही दिवसांनी कॅम्पात कामाला गेलो असताना पार्लरवाल्या बाईने मला रस्त्यात थांबवलं.

"तुमचा पेपर माझ्या गिऱ्हाइकाने वाचून दाखवला. तुम्ही आम्हाला गरीब केलंत."

मी ओशाळलो. "म्हणजे, मला दिसलं ते…"

"नाही नाही. छान केलंत. थँक यू." ती हसत नव्हती. "बासष्टच्या लढाईनंतर माझ्या आजोबांना पोलिसांत हजेरी द्यायला लागायची. साहेब घरी यायचे आणि घरात काय काय आहे ते बघायचे. आजोबा म्हणायचे, बाहेरच्याला मागची खोली दाखवायची. ती आम्ही अजून तशीच ठेवली आहे." मग तिने विचारलं, "आणि ते वारज्याचे लोक, त्यांच्याकडे खरंच एवढं सगळं आहे?"

"हो," मी म्हणालो.

"आणि त्यांनी तुम्हाला दाखवलं? मग त्यांना भीती नाही वाटत. चांगलं आहे."

एकांनी होतं ते लपवलं आणि दुसऱ्यांनी नव्हतं ते मांडलं. दोन्हीकडे मी पाहुणा होतो, दोन्हीकडे मला दिसलं होतं, आणि दोन्हीकडे मी जे लिहायचं ठरवून गेलो होतो तेच लिहिलं. त्या परदेशी लेखकालाही अल्बेनियन घरात काय काय मांडून दाखवलं होतं कोण जाणे. तिकडे पाहुण्यापुढे काय ठेवतात ते मला ठाऊक नाही.

जूनच्या शेवटी लेथवाले आमच्या घरी आले. कसब्यातला पत्ता त्यांनी मेव्हण्याकडून घेतला होता. पांढरा शर्ट तोच होता. बायकोने पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"साहेब, पोरीले नाही म्हटलं त्याईनं."

"का? मार्क तर चांगले होते."

"मार्कांचं नाही जी. मुलाखतीत त्या कमिटीच्या साहेबांनं इचारलं, वारज्याले कोपऱ्यातलं घर तुमचंच ना? मी म्हटलं हाव. त म्हणाले, पेपरात वाचलं आम्ही, रंगीत टीव्ही हाय तुमच्याकडं, पंखा हाय. वसतिगृह गरिबांच्या पोरीसाठी हाय, तुमच्यासाठी नाही."

बायको माझ्याकडे बघत होती.

"मग तुम्ही सांगायचं होतं ना, की ते सामान…" मी बोलता बोलता थांबलो.

"कसं सांगू जी?" त्यांनी मान खाली घातली. "पाहुणा येनार म्हणून चार घरचं आणलं. टीव्ही ठेकेदाराचा, पंखा शेजारच्या वहिनीचा. उद्या मी म्हटलं ते माह्यं नव्हतं, तं ज्याईनं देलं त्याईचं काय राह्यलं? आन कमिटी म्हणंल, तवा साहेबाले फसवलं, आता आमाले फसवतो. माह्या बोलण्याले वजन नाही. तुमच्या शब्दाले हाय. तुमी फकस्त एवढं सांगा, की ते घर तसं नाही. तुमाले तं समजलंच असंल."

हे शेवटचं वाक्य ते साधेपणाने बोलले. टोमणा नव्हता. मला समजलं असणार, आणि समजून मी त्यांची लाज राखली असणार, असंच ते धरून चालले होते.

"बोलतो मी," मी म्हणालो. "वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टचे चिटणीस माझ्या ओळखीचे आहेत."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, म्हणजे टीव्ही त्यांचा नव्हता?"

"नसावा."

"नसावा की नव्हता?"

"नव्हता."

"मग त्यात बोलायचं काय आहे एवढं? टीव्ही त्यांचा नव्हता. एवढंच वाक्य आहे. उद्या जा आणि म्हणा."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक होते, घरी बसूनच ट्रस्टचं काम बघायचे. मला बघताच उठले. "या या, अहो, काय लेख लिहिलात! आमच्या मंडळाच्या बैठकीत मी तो मोठ्याने वाचून दाखवला. म्हटलं, बघा, नुसती रड चालू असते सगळीकडे, पण एक माणूस घरोघर फिरून डोळ्यांनी पाहून सांगतोय." आतून पोहे आले. ते आणखी म्हणाले, "यंदा तर आम्हाला त्याचा उपयोगही झाला. एक अर्ज होता, नेमका तुमच्या त्या कोपऱ्यातल्या घरातला. खऱ्या गरजू मुलीची जागा गेली असती."

तेव्हा बोलायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं, बायकोने दिलेलं. ते म्हटलं असतं तर एक मुलगी वसतिगृहात गेली असती आणि मी काय झालो असतो? पाहूनही खोटं लिहिणारा मास्तर. चिटणिसांनी ते बैठकीत सांगितलं असतं, संपादकांच्या कानावर गेलं असतं. मी पोहे खाल्ले. छान झालेत म्हणालो. मुलींच्या शिक्षणावर थोडं बोललो, पावसाने ओढ दिलीय यावर थोडं बोललो, आणि जिना उतरलो.

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "बोललात?"

"बोललो. त्यांच्या याद्या आधीच लागल्या होत्या. आता काही होत नाही म्हणाले."

ती भाजी निवडायला बसली. तिला खरं कळलं होतं की नव्हतं हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही. हेच मी शिपायाकरवी वारज्यालाही कळवलं. पुढच्या आठवड्यात त्याने मेव्हण्याचा उलट निरोप आणला, "साहेबाईनं शब्द टाकला, लय उपकार झाले." सोबत पिशवीभर संत्री. ऋतू नव्हता, कुठून आणली असतील कोण जाणे. मी ती स्टाफरूममध्ये वाटून टाकली.

मुलीने डिप्लोमाची जागा सोडली, हे शिपायाकडूनच कळलं. वारज्याहून दोन बस बदलून जाणं आणि फी, दोन्ही जमणारं नव्हतं. त्यात वर्कशॉप बंद पडलं. ज्या मोठ्या कंपनीचं काम तिथे यायचं तिने सुटे भाग परदेशातून मागवायला सुरुवात केली होती, आणि याच विषयावर त्या वर्षी मी व्याख्यान देत फिरत होतो. त्यानंतर काही वर्षं माझ्या कानावर काही आलं नाही. मी विचारलंही नाही. हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, माझ्या वर्गातली साधारण मुलंसुद्धा एखादा कोर्स करून तिकडे लागली आणि येऊन पेढे देऊन गेली. प्रत्येक पेढ्याच्या वेळी मला ती भिंतीला टेकून उभी असलेली मुलगी आठवायची असं म्हटलं तर ते चांगलं वाचलं जाईल, पण खरं नाही. कधी कधी आठवायची.

ती मला भेटली तपकीर गल्लीत. बुधवार पेठेतल्या त्या बोळात सगळी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. मी मुलाने पाठवलेल्या कॉम्प्युटरसाठी एक केबल शोधत होतो. काउंटरमागच्या बाईने केबल न मागताच माझ्या हातातलं टोक बघून योग्य ती काढून दिली आणि म्हणाली, "सर, ओळखलं नाही का?" तिचं बोलणं आता पुण्याचं झालं होतं. गळ्यात मंगळसूत्र होतं. बारावी झाल्यावर ती या दुकानात लागली होती ती तिथेच होती.

"मालक म्हणतात, तू नसलीस तर दुकान बंद करावं लागेल," ती हसली. "पण पगार मात्र दुकान उघडं असल्यासारखा देत नाहीत."

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. वॉचमन आहेत आता एका सोसायटीत. सर, तुमचं नाव काढतात अजून. म्हणतात, सगळ्या पुण्यात एक माणूस आपल्यासाठी जाऊन बोलला. झालं नाही तो भाग वेगळा."

मी केबलची पिशवी घेतली. मागे गिऱ्हाईक उभं होतं. गल्लीच्या तोंडाशी येऊन मी रिक्षा केली, खरं तर कसबा तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे.

आता एवढं समजायला हवं, की माझ्यावर दोन गोष्टींचा भार होता. लेखात खोटं लिहिलं, ही एक. ती मी कदाचित सांगूही शकलो असतो, वृत्तपत्रात चुका होतात. पण मी त्यांच्यासाठी बोललो, हे दुसरं खोटं त्यांनी घरात देवासारखं जपून ठेवलं होतं. सगळ्या पुण्यात एक माणूस. तेही खरं नव्हतं, हे सांगायचं म्हणजे त्यांच्याजवळ जे थोडं होतं त्यातलं आणखी काढून घ्यायचं. आणि न सांगायला हे चांगलं कारण मिळाल्याचं मला बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

बायको गेल्यानंतरच्या पावसाळ्यात शिपायाचा फोन आला. तोही निवृत्त झाला होता. "सर, मेव्हणा ससूनला हाय. लिव्हरचं काही झालंय. तुमची आठवण काढतो." मी गेलो. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होतो, वर्गाला जाताना जुळवायचो तशी. तिथे जाऊन सरळ बोलायचं, दोन मिनिटांचं काम आहे, असं ठरवून टाकलं.

वॉर्डात खूप खाटा होत्या. लेथवाले अगदी बारीक झाले होते, डोळे पिवळे. मुलगी उशाशी होती. मला बघून ते उठायला गेले, तिने धरलं.

"साहेब, तुमी कायले तरास घेतला?" मग शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे मान वळवून म्हणाले, "हे पाहा बाप्पा, हेच ते. सांगत होतो ना? माह्या पोरीसाठी मोठ्या लोकाईपुढं शब्द टाकला होता याईनं. आपली काही ओळख ना पाळख."

म्हाताऱ्याने मला नमस्कार केला. मी नमस्कार केला. लेथवाल्यांचा हात माझ्या हातात होता, कोरडा आणि गरम. बसमधली वाक्यं सगळी जागेवर होती. मी म्हणालो, "विश्रांती घ्या."

मुलगी मला जिन्यापर्यंत सोडायला आली. गर्दी होती, स्ट्रेचर येत-जात होते. कडेला होऊन ती म्हणाली, "सर, एक विचारू? त्या वेळी चिटणीस काय म्हणाले होते तुम्हाला? म्हणजे नेमकं? बाबा फक्त म्हणतात, सर बोलले. मला कधी कधी वाटतं, थोडं आधी कळवलं असतं तर…"

तिला आपली चूक कुठे झाली ते शोधायचं होतं. इतकी वर्षं ती स्वतःचीच चूक शोधत होती.

"तुमची काही चूक नव्हती," मी म्हणालो.

"ते ठीक आहे सर. पण ते म्हणाले काय?"

"याद्या लागल्या होत्या म्हणाले." आणि मग, ती काही बोलायच्या आत, "औषधं वेळेवर द्या त्यांना," असं म्हणून मी जिना उतरलो.

लेथवाले त्याच आठवड्यात गेले. वारज्याला जायला मी दोनदा निघालो आणि दोनदा डेक्कनवरून परत आलो. तपकीर गल्लीतलं ते दुकान आता तिथे नाही. तिचा नंबर शिपायाकडे असेल. मागायला त्याला एक फोन करावा लागेल, तो मी केलेला नाही, आणि हे लिहून झाल्यावर करीन असं इथे म्हणत नाही. माझं मला ठाऊक आहे.

ससूनच्या त्या खाटेपाशी, शेजारचा म्हातारा ऐकत असताना, आणि मग जिन्यात तिच्यापुढे पुन्हा, मला एवढंच म्हणायचं होतं: तुमच्या घरी टीव्ही नव्हता. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी मी लिहिलं. तुमच्या मुलीसाठी मी कोणाशीही बोललो नाही. पोहे खाऊन परत आलो. मला माफ करा.